काळतोंड्यांचा बॅनर

बॅनर गेला की फुटबॉल-समर्थकांचं मंडळ संपलं, हा नियम आर्लांकूरच्या खाणवस्तीत शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होता. विरोधी गावाच्या समर्थकांनी तुमचा बॅनर पळवला आणि आपल्या कठड्यावर उलटा टांगला, की मंडळ विसर्जित करायचं. दुसरा मार्ग नव्हता. अध्यक्षाला राजीनामा देता येत नसे. थकलो, हे कारण तर कुणी ऐकूनच घेत नसे.

जिस्लेन थकली होती.

ती अध्यक्ष होती त्या मंडळाचं नाव ‘काळतोंडे’. कोळशाच्या खाणीतून वर येणाऱ्या माणसांची तोंडं जशी दिसायची, तसं. बॅनर तिच्या सासूने खाणकामगारांच्या जुन्या निळ्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवला होता. नवरा ओमेर फुप्फुसांच्या दुखण्याने गेला, त्यानंतर बॅनर तिच्याकडे आला. दर शनिवारी तो खांद्यावरून न्यायचा, कठड्याला बांधायचा, सोडायचा, पावसात भिजला तर जेवणघरात वाळत घालायचा. ओला झाला की तो एखाद्या माणसाएवढा जड होई. उजवा हात आता कानाच्या वर जात नव्हता. मुलगी दूरच्या नाँत शहरातून फोन करायची, खोली तयार आहे म्हणून सांगायची. जिस्लेन म्हणायची, हंगाम संपू दे. असे सहा हंगाम संपले होते.

रेसिंग आर्लांकूर हा क्लब खाण कंपनीने काढलेला. खेळाडूंना कंपनी जमिनीवरची हलकी कामं द्यायची, आणि रविवारी अख्खी वस्ती मैदानावर लोटायची. क्लब पहिल्या श्रेणीत चढला तेव्हा जिस्लेन शाळेत होती. त्या दिवशी चर्चची घंटा वाजवून वाजवून तिचा दोर तुटला होता. मग खाण बंद पडली आणि क्लब एकेक पायरी उतरत गेला. मध्येच क्लबला मोटारी विकणारा एक अध्यक्ष मिळाला, त्याने ब्राझीलहून माणसं आणली, आणि तो गेला तेव्हा व्यावसायिक दर्जाही गेला. आता सामने अशा मैदानांवर व्हायचे, जिथे गोलच्या मागे गाई चरत. पूर्वी पाच बस निघायच्या. आता ढोलवाल्या मार्सोची व्हॅन पुरून उरे.

त्या शनिवारी ब्रेसेलला सामना होता. ब्रेसेल म्हणजे जन्माचं वैर. रेसिंग तीन गोलांनी हरला. बाकीचे फ्राइज खायला गेले. जिस्लेनने गाठी सोडल्या, बॅनरची नीट गुंडाळी केली, आणि ती कठड्यापाशीच ठेवून रिकाम्या हातांनी व्हॅनकडे चालू लागली. वळून पाहिलं नाही. उद्या ब्रेसेलवाले तो उलटा टांगतील, फोटो काढतील. सोमवारी सभा, आणि मग नाँत.

रविवारी काही झालं नाही. सोमवारीही नाही. संध्याकाळी मार्सोचा फोन आला.

“बॅनर तुझ्याकडेच ना?”

“मग कुठे जाणार?”

“नाही, सहज विचारलं,” म्हणून त्याने फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी दारात थिबो उभा. ब्रेसेलच्या समर्थकांचा पुढारी, चाळिशीतला, टक्कल पडलेला. हातात बॅनर. धुतलेला, इस्त्री केलेला, आणि फाटलेला कोपरा बारीक टाक्यांनी शिवलेला.

“विसरलात, मॅडम.”

जिस्लेन त्याच्या हातांकडे बघत राहिली. “कुणी धुतला?”

“आईने. म्हणाली, कधी धुतला होता की नाही देव जाणे.”

“तुझ्या बापाने ह्याच्यासाठी माझ्या नवऱ्याचे दात पाडले होते.”

“दोन,” थिबो अभिमानाने म्हणाला. “अजून सांगतात. तुमच्या साहेबांनी त्यांचं नाक मोडलं, ते मात्र सांगत नाहीत.”

“घेऊन जा. उलटा टांग.”

“असं कसं? आम्ही पळवलेला नाही. सापडलेला आहे. सापडलेला टांगला तर लोक तोंडात शेण घालतील.”

“मग आत्ता पळव. मी आत जाते.”

थिबोने टोपी काढली, पुन्हा घातली. “खरं सांगू? टांगायला आमचं मंडळच उरलं नाही. मागच्याच वर्षी बंद केलं. तुम्ही तरी राहा, मॅडम. तुम्हीही गेलात तर आम्ही शिव्या कुणाला घालायच्या?”

तिने त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर बॅनर टेबलावर ठेवून ती समोर बसली. त्याला लॅव्हेंडरच्या साबणाचा वास येत होता. पुढचा शनिवार तिला स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या पुढचाही. ती उठली आणि मार्सोकडे गेली. बॅनर त्याच्यासमोर ठेवून तिने सगळं सांगितलं. मुद्दाम सोडला, हेसुद्धा.

मार्सो बराच वेळ कोपऱ्यावरचे टाके चाचपत होता.

“मी पाहिलं होतं,” शेवटी तो म्हणाला.

“काय?”

“तू ठेवून गेलीस ते. तुझ्या मागेच होतो ना मी, ढोल घेऊन. उचलायला वाकलो. मग म्हटलं, गुडघे दुखतायत. आणि आलो तसाच.”

“गधड्या! मग सोमवारी फोन कशाला केलास?”

“झोप लागेना. सुटलो की नाही, ते कळायला नको?”

जिस्लेनला हसू आलं. पण ते तोंडापर्यंत पोचेस्तोवर दमलं.

“तीन रात्री ब्रेसेलवाल्यांच्या घरी होता,” मार्सो म्हणाला. “पळवला काय, सापडला काय. आपल्या हिशेबी गेलाच.”

“त्यांच्या हिशेबी नाही गेला.”

“त्यांना विचारतंय कोण?”

मंडळ विसर्जित झालं, आणि विसर्जित मंडळाचा बॅनर परत आला तर तो आपल्याच हातांनी जाळायचा, हाही नियमच होता. शनिवारी सकाळी मार्सोच्या परसात एका पत्र्याच्या पिंपात त्यांनी तो जाळला. मंडळातले उरलेले पाच जणही आले होते. कुणी भाषण केलं नाही. जुनं जाड कापड लवकर पेट घेईना. मार्सो काठीने ढोसत राहिला. “थिबोच्या म्हातारीने इस्त्री मात्र फक्कड केलीय,” एवढंच बोलला.

दुपारी घरचा सामना होता. जायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे गेले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले. कठड्याचा रंग दोऱ्यांनी घासून जिथे जिथे उडाला होता, तिथे पत्रा चमकत होता. जिस्लेनने त्यावर हात ठेवला. गार लागला. मार्सो सवयीने ढोल घेऊन आला होता. पण तो त्याने पायाशीच ठेवला.

“नाँतला मैदान आहे म्हणतात. मोठं,” तो म्हणाला.

“असेल.”

“जाशील?”

“मैदानावर? नाही रे बाबा.”

रेसिंगचा गोलकीपर चेंडू ठेवत होता. जिस्लेनचा खांदा दुखत होता, रोजच्यासारखाच. मध्यंतरापर्यंत थांबू, मग निघू, असं तिने मनाशी ठरवलं, आणि मध्यंतर झालं तरी ती तिथेच उभी होती.