गिरगावातला तेलोनियम

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. दोन हजारांहून जास्त पावसाळे पाहिलेत, तेव्हा नाव ऐकून हसू नका. माझं नाव तेलोनियम. जन्म ग्रीकांच्या बंदरावरचा. तिथून रोमन लोकांनी मला आपल्या लॅटिन भाषेत नेलं. जकात, पथकर आणि तो घेणारी चौकी, एवढाच माझा अर्थ. पण मला ऐकून भलेभले व्यापारी घाम पुसायचे. पुढे लॅटिन बोलणारी माणसंच उरली नाहीत आणि मी कोशात जाऊन पडलो.

असा एक कोश गिरगावात हेमचंद्ररावांच्या कपाटात आहे. कॉलेजात ते लॅटिन शिकले, मग बंदरावर जकातीच्या नोकरीला लागले. आपल्या खात्याचं इतकं जुनं नाव सापडलं म्हणून त्यांनी माझ्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

गेल्या गणपतीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्द परत येतील, पण त्यांचे त्यांना म्हणू द्या. आता बायको, नलूताई, पडल्या मायेच्या. यांनी 'पा' म्हणायचा अवकाश, की पाणी हजर. 'च' म्हटलं की चहा. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं मन ओळखायची सवय जडलेली, ती सुटते थोडीच! नात मधुराही तशीच. पाच महिन्यांत हेमचंद्ररावांना एकही शब्द पुरा करता आला नाही. मला भारी राग यायचा, पण कोशातून मी काय करणार?

एका सकाळी त्यांनीच कोश उघडला, माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ते... लो..."

नलूताई पुढे झाल्या आणि थबकल्या. माझा शेवट त्या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हता ना!

मग रोज सकाळी हेच. जीभ अडायची, कपाळावर घाम यायचा, पण गडी हटेना. अकराव्या दिवशी मी त्यांच्या तोंडून अख्खा बाहेर पडलो. किती शतकांनी कोणी मला इतक्या जिवाच्या आकांताने म्हटलं! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

त्यांनी कोश मिटला आणि बायकोकडे पाहिलं.

"न..."

नलूताईंनी ओठांवर आलेलं "काय हो" गिळलं. पदर तोंडाशी धरून त्या उभ्या राहिल्या.

"न... लू."

मित्रांनो, माझं काय, मी कोशात बरा आहे. पण तुमच्या घरी कोणी एखाद्या शब्दासाठी झगडत असेल, तर तो त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. थोडं थांबा. कदाचित तो तुमचंच नाव घेत असेल.