टोपी काढा, विनायकराव

शकुबाईंनी लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि ओसरीच्या सावलीतून काढून पडवीत, थेट पत्र्याखाली नेऊन ठेवली. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. नुसतं उभं राहिलं तरी टाळू भाजावी अशी धग खाली उतरत होती. त्यांनी खुर्चीवर धुतलेली चादर घातली, सुरकुत्या मोडल्या आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. मांडणी मनासारखी झाली होती.

बापूजी ओसरीत सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"अवो, तिथं कोन बसनार हाय?"

"नवरदेव."

"शिजून जाईन तो पोट्टा."

"शिजू द्या."

बापूजींनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. बायकोचा आवाज असा खाली उतरला की बोलण्यात अर्थ नसतो, हे त्यांना संसारानं शिकवलं होतं.

दुपारच्या मोटारीनं सौसरहून केशवराव येणार होते. सोबत त्यांची बायको अनसूयाबाई आणि धाकटा मुलगा विनायक. शकुबाईंच्या धाकट्या उषेला पाहायला. मालगुजारी गेली तरी केशवरावांच्या घराची मान खाली आली नव्हती. पण राज्यांची वाटणी झाली, नागपूर मुंबईकडं गेलं, पांढुर्णा-सौसर इकडंच राहिलं, आणि नागपूरची कचेरी उठून भोपाळला चालली. विनायक त्या कचेरीत कारकून. त्याच्यासोबत पोरगी भोपाळला धाडायची म्हटलं की नागपूरकडचे बाप हात आखडता घेत. म्हणून हे लोक फिरून फिरून पांढुर्ण्याच्या या दाराशी आले होते. ज्या दारातून एकदा हसत निघून गेले होते, त्याच दाराशी.

त्याला आता किती उन्हाळे झाले, पण शकुबाईंच्या डोळ्यांपुढून ते हटत नव्हतं. स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी याच अनसूयाबाई थोरल्या मोरेश्वरासाठी त्यांच्या थोरल्या प्रतिभाला पाहायला आल्या होत्या. प्रतिभा नुकतीच विषमज्वरातून उठलेली. अर्धे केस गळालेले. मुलगी पाहताना वेणी सोडून केस पाहायची रीतच होती, पण ते काम हळूच, आतल्या खोलीत व्हायचं. अनसूयाबाईंनी भर बैठकीत हात घातला. वेणी सोडली, केस मुठीत धरून वर उचलले आणि सोबतच्या बायकांना म्हणाल्या, "एवढेच? आमच्या गोठ्यातल्या म्हशीच्या शेपटाला याहून जास्त आहेत." बायका हसल्या. पोहे खाऊन, पानं घेऊन निघून गेल्या. ते वाक्य मात्र मागं राहिलं. जाम नदी ओलांडून सावरगावातही पोचलं. पुढं जो जो पाहायला आला, त्याच्या घरच्या बायांची नजर आधी प्रतिभाच्या डोक्याकडं गेली. शेवटी प्रतिभानंच पाटावर बसायचं सोडलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. केस पुढं कमरेपर्यंत वाढले. ते मोकळे कुणी पाहिले नाहीत.

आज शकुबाईंना भर बैठकीत एक टोपी उतरवायची होती.

टोपीखालच्या केसांची त्यांना जेवढी जाण होती तेवढी गावातल्या न्हाव्यालाही नसेल. बापूजींनी उभा जन्म टोपी घातली, तरी टोपी काढली की त्यांच्या डोक्याला कधी गोल वळ दिसला नाही की केस टाळूला चिकटलेले दिसले नाहीत. ती सगळी शकुबाईंची मेहनत. ओल्या केसांवर टोपी घालू द्यायची नाही. टोपी शिवायची ती अंमळ सैल. आतून मलमलची पट्टी, घामट झाली की बदलायची. तेल बोटाला लागेल एवढंच. सावलीत बसले की टोपी मांडीवर. आणि विंचरायचे ते आधी उलटे, मागून पुढं, म्हणजे मुळं उभी राहतात, मग सुलटे.

आज यातली एकेक गोष्ट त्यांनी उलटी करायची ठरवली होती.

एक अडचण होती, ती त्यांनी मनाच्या कोपऱ्यात सारून ठेवली होती. उषेनं विनायकाला जामसांवलीच्या देवळात एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्या कुठल्या स्थळाचं नाव काढू देत नव्हती. "पोरीचं काय, आज हा, उद्या दुसरा," असं शकुबाईंनी स्वतःला सांगून टाकलं होतं.

मोटार आली. धुळीनं माखलेली माणसं अंगणात उतरली. विनायक उंच, सावळा, डोक्यावर काळी टोपी कानापर्यंत घट्ट बसवलेली. शकुबाई स्वतः तांब्या घेऊन पुढं झाल्या.

"या भाऊ. तोंडावर पानी घ्या. डोक्यावरूनही हात फिरवा, थंड वाटन."

पोरगा गरीब. त्यानं टोपी काढून डोक्यावरून ओला हात फिरवला. मग पाहुण्याच्या घरी उघडं डोकं बरं दिसत नाही म्हणून लगेच त्याच ओल्या केसांवर टोपी दाबली.

"अन् इथं बसा. इथं हवा येते."

विनायक पत्र्याखालच्या खुर्चीवर बसला. आधी उकळता चहा आला. मग ठेचा घातलेले पोहे आले. टोपीच्या काठाखालून घामाचे ओघळ कानामागं उतरू लागले. तो पुन्हा पुन्हा बोटानं टोपीचा काठ सैल करी आणि आईकडं बघून हात खाली घेई. वडीलधाऱ्यांत टोपी काढणं त्याला सुचतही नव्हतं.

"अजून घ्या पोहे, लाजता कायले?"

"बस झाले, मावशी. तिखट आहेत जरा."

"आमच्याइथं असंच खातेत."

डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तो हात धुवायला उठला आणि आतल्या अंगणात गेला. बराच वेळ लागला त्याला. जाऊ दे, शकुबाई मनात म्हणाल्या, पाणी आणखी लागलं तर बरंच. तो परत आला तेव्हा टोपी डोक्यावर होती आणि चेहरा उतरलेला नव्हता. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

उषेला आणून पाटावर बसवलं. अनसूयाबाईंनी नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं, भोपाळला करमेल का विचारलं. उषेनं खाली मान घालून "हो" म्हटलं ते जरा लवकरच म्हटलं. सगळे हसले. मग अनसूयाबाई मोठ्या मनानं म्हणाल्या,

"बाकी केसबीस काही पाहायचे नाहीत हो आम्हाला. काळ बदलला. पोरीची जात, उगीच कशाला संकोच?"

शकुबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्या तोंडावर लाज नव्हती, आठवणही नव्हती. बाई विसरली होती. आपल्या पोरीचा जन्म तिच्या एका वाक्याखाली गेला, आणि तिला ते वाक्य बोलल्याचं ठाऊकही नव्हतं. शकुबाईंच्या हातातलं पानाचं तबक खणकन जमिनीवर टेकलं.

"काळ बदलला म्हनता, बाई? मंग आमालेही पाहू द्या. टोपी काढा, विनायकराव."

केशवरावांनी घसा खाकरला.

"अहो, हे काय? चारचौघांत माणसाची टोपी—"

"चारचौघांतच पाहाव लागते. पोरगी चारचौघांत बसली हाय न?"

विनायकानं आईकडं पाहिलं, मग वडलांकडं. कुणी काही सांगेना. त्यानं टोपी उचलली.

शकुबाई पुढं वाकल्या होत्या. टाळूला चिकटलेली लगदा झालेली झुलपं, कपाळावर टोपीचा गोल वळ, मधे भांगाचा पत्ता नाही, हे सगळं त्यांनी सकाळपासून मनात पाहून ठेवलं होतं. तोंडावर वाक्यही तयार होतं. म्हशीचंच होतं.

केस उभे होते. काळेभोर, कोरडे, मुळांपासून उचललेले, कपाळावरून सरळ मागं गेलेले. घामाचा थेंब नव्हता.

वाक्य तोंडात अडकलं. त्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"बसले कसे नाही हे?"

"बसले होते, मावशी," विनायक साधेपणानं म्हणाला. "पार चपटे झाले होते. आत हात धुवायला गेलो तर मोठ्या ताईंनी पंचा दिला, फणी दिली. म्हणाल्या, मुळं आधी कोरडी करा. मग उलटे विंचरा, मग सुलटे. अन् वाऱ्यावर उभे राहा, टोपी थोडा वेळ हातातच धरा. मी इतकी वर्षं टोपी घालतो, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

केशवराव मोकळेपणानं हसले. अनसूयाबाईंनी मुलाच्या डोक्याकडं असं पाहिलं की जणू ते केस त्यांनीच विणले होते.

शकुबाई उठल्या. उषेला आत न्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आल्या, उषेला मागच्या खोलीत ढकललं आणि दार लोटलं. प्रतिभा बशा पुसत होती.

"तुवा सांगितलं त्याले?"

"हो."

"अन् मी सकाळपासून कायले मरून राहिली व?"

"त्याचं हसं करायले."

"त्याचं नाही, तिचं!"

"मंग तिचं कर न." प्रतिभानं बशी खाली ठेवली. आवाज चढला नाही. "माही वेणी त्यानं सोडली होती काय? तवा तो अर्ध्या चड्डीत खेळत असन कुठंतरी."

"तुह्यासाठीच करून राहिली होती मी."

"मले विचारलं होतं? आज हा उघडा पडला असता, का हे लोक उठून गेले असते. मंग उषीले दुसरा पाहायले आला असता, मंग तिसरा. ते कसं असते, मले ठाऊक हाय. तुले नाही."

शकुबाईंना आयुष्यात कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. त्या चुलीसमोर उभ्या राहिल्या. विस्तव राखेखाली गेला होता. त्यांनी चिमट्यानं एक निखारा उलटा केला, तो लाल झाला, तो पाहिला. मागच्या खोलीत उषेच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. पोरगी दाराला कान लावून उभी होती.

मग त्यांनी पदर नीट केला आणि बाहेर आल्या.

"पोरगा आमाले पसंत हाय," त्या म्हणाल्या. बापूजींच्या हातातला अडकित्ता सुटला. "देनं-घेनं तुमी मानसं बोलून घ्या. मले फक्त एक सांगाचं हाय, मानपानाचं. आमी गरीब असू, पन वरमाईच्या मानात कमी पडनार नाही."

"छे छे, तुमच्याकडून कमी कसं होईल?" केशवराव खूश झाले.

"लग्नाच्या सकाळी वरमाईचं न्हानं आमच्या मांडवात होईन. रीतच हाय ती."

रीत होतीच. मुलीकडच्या बायका वरमाईला पाटावर बसवतात, केस मोकळे सोडून तेल घालतात, न्हाऊ घालतात, विंचरून आरसा दाखवतात, आणि दोन्हीकडच्या बाया भोवती बसून गाणी म्हणतात. हा मान चुकला तर वरमाया जन्मभर बोलून दाखवतात.

अनसूयाबाईंचा हात मानेमागं गेला. पदराखाली मोठा, घट्ट अंबाडा होता. हात त्याच्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"इतकं कशाला?" त्या म्हणाल्या. "आजकाल हे कोण करतं? पाय धुतले तरी पुरे."

"असं कसं? काळ बदलला तरी वरमाईचा मान बदलत नाही. बोलवा तुमच्या साऱ्या जावा-नणंदा. आमच्याही असतीन. साऱ्यांच्या समोर, अंबाडा सोडून, आमची प्रतिभा विंचरून देईन तुमाले."

"प्रतिभा?"

"थोरली माही. तुमी पाह्यलं हाय तिले."

अनसूयाबाई शकुबाईंकडं बघत राहिल्या. कपाळावर एक बारीक आठी आली. मग ती आठी गेली आणि चेहऱ्यावरचा रंगही तिच्यामागं गेला.

"नाही म्हणू नका हो," केशवराव बायकोला म्हणाले. "एवढ्या मनापासून म्हणताहेत. ठरलं. मान म्हणजे मान."

बापूजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि दुसरीकडं पाहिलं.

निघायच्या वेळी प्रतिभा हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. शाळेत जाताना नेसायची तीच पांढरी सुती साडी, केस मागं घट्ट बांधलेले. ती अनसूयाबाईंच्या पुढ्यात बसली. अनसूयाबाईंनी पदर कपाळावर ओढून धरला होता.

"जरा मागं घ्या, काकू. कुंकू लावायचं आहे."

पदर बोटभर मागं सरला. कपाळाच्या वर विरळ, पांढुरकी रेघ दिसली, आणि तिच्या मागं एकदम दाट, काळे, उसने केस. प्रतिभानं तिथं पाहिलं. घाई केली नाही. कुंकू लावलं, हळद लावली. मग स्वतःच्या हातानं पदर हळूच पुढं ओढून होता तसा नीट केला.

"आज असू द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी निवांत पाहू."