हातचं मीठ

नणंदेला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन बाळांच्या आनंदात सगळं घर बुडालेलं होतं आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरात सासू-सुनेचं शेगडीवरून भांडण पेटलेलं होतं. शेगडी सासूच्या ताब्यात होती. सुनेला ती हवी होती. बाकी कुठल्याच गोष्टीवरून त्या दोघींचं वाकडं नव्हतं.

सून लग्नाआधी एका बेकरीत कामाला होती. कणीक मळण्यात, पाव भाजण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. सासूने आल्या आठवड्यातच तिचं नाव 'भट्टी' ठेवलं. "भट्टी, कांदे सोल. भट्टी, पातेली घास." लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी तिने त्या घरात चहासुद्धा केला नव्हता. नवऱ्याने हौसेने आणलेला ओव्हन कोपऱ्यात होता, पण सासूने त्यात तवे, झाकणं आणि दांडा मोडलेली कढई कोंबली होती. "चांगलं कपाट आहे," ती म्हणायची. "दार पण काचेचं."

बाजार मात्र सुनेनेच करायचा. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, सासऱ्याला थोडीशी पेन्शन, त्यामुळे बाजार दुकानं बंद व्हायच्या बेतात असताना करायचा असा नियम होता. तेव्हा भाजीवाला उरलंसुरलं एका ढिगात लोटतो. मऊ पडलेले टोमॅटो, कोंब आलेले बटाटे, कडेला काळा पडलेला कोबी. किराणावाल्याकडून तुकडा तांदूळ आणि पोचे पडलेले वाटाण्याचे डबे. सून यात हुशार होती. कुठला टोमॅटो उद्यापर्यंत टिकेल आणि कुठला आजच पातेल्यात जायला हवा, हे ती बोटाने दाबून ओळखायची. पण घरी आली की पिशवी टेबलावर ओतायची आणि सासूने एकेक वस्तू उचलून सगळ्यांसमोर तपासायची.

"हे टोमॅटो आहेत की अपघातातले जखमी?" सासू विचारायची. "आणि हा कोबी? याला आणायचं होतं की पोचवायचं होतं?"

नवरा हसायचा. सासरासुद्धा मिशीतल्या मिशीत हसायचा. सून पिशवी झटकून घडी घालायची.

सासूच्या हाताला चव होती, हे सुनेलाही नाकारता येत नव्हतं. त्या जखमी टोमॅटोंचा ती असा रस्सा करायची की शेजारच्या घरातली माणसं खिडकी उघडायची. तिचा एकच तोरा होता. ती स्वयंपाक करताना कधी चाखून बघत नसे. चिमटीने, मुठीने, अंदाजाने मीठ घालायची आणि झाकण ठेवायची. "चाखून मीठ घालणाऱ्या बाईने हॉटेल काढावं," ती म्हणायची. "घरच्या बाईच्या हाताला कळतं." स्वयंपाक झाला की ती तोंड धुवायला, केस नीट करायला आत जायची, मग येऊन सगळ्यांना वाढायची आणि स्वतः शेवटी जेवायची. तिचा पहिला घास इतरांचं अर्धं जेवण झाल्यावर.

एकदा ती रस्सा उतरवत असताना फोन आला. नणंदेच्या बाळांपैकी एकाला ताप होता. सासू फोनवर बोलत राहिली. सून शेगडीजवळ उभी होती. मीठ घालायचं राहिलं असेल, असं तिला वाटलं. तिने चमचाभर मीठ रश्शात टाकलं आणि ढवळलं. सासूने ते आधीच घातलं होतं.

जेवायला बसल्यावर नवऱ्याने पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. "आई, समुद्र आणलास की काय?"

सुनेच्या ओठांवर आलं होतं की मी घातलं, चुकून घातलं. पण तिने सासूकडे पाहिलं. सासूने वाढायचा चमचा परत पातेल्यात ठेवला होता. तोंडावर असा भाव होता, जसा सहा वर्षांत कधी दिसला नव्हता. सुनेने ओठ मिटून घेतले.

"फोनच्या गडबडीत दोनदा पडलं असेल," सासरा म्हणाला. "मला आवडलं. वाढ अजून."

त्या दिवसापासून सुनेला ती वाट सापडली. रोज नाही. रोज केलं असतं तर संशय आला असता. मधूनमधून, आठवड्यातून दोनदा, सासू तोंड धुवायला गेली की एक चमचा. कधी रश्शात, कधी भातात. एकदा वाटाण्यात तिने दीड चमचा टाकला. नवऱ्याने ताट बाजूला सारलं आणि दुकानातून पाव आणून खाल्ला.

"आई, वय झालं आता तुझं," तो म्हणाला.

"वय तुझ्या बापाचं झालंय. माझा हात शाबूत आहे."

"मग हात दाखव ना डॉक्टरला."

सून पदराआड हसली. सासूने ते बघितलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. पूर्वी काढला असता. आता ती शेवटी जेवायला बसायची, पहिला घास घ्यायची, तो चघळत राहायची आणि स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघायची, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. तरीही चाखून बघायला ती तयार नव्हती. चाखलं असतं तर पातेल्यातलं मीठ आणि ताटातलं मीठ यातला फरक तिला पहिल्याच दिवशी कळला असता. पण हाताचा तोरा सोडणं म्हणजे शेगडी सोडणं, असं तिला वाटत होतं. सुनेला हे नेमकं ठाऊक होतं.

सासरा मात्र दर वेळी पुन्हा वाढून घ्यायचा. "यांच्या जिभा लाडावल्यात गं," तो बायकोला म्हणायचा. "मला दे. पातेलं पुसून दे." खारट रस्सा भाताबरोबर कालवून तो शेवटच्या थेंबापर्यंत खायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा आणि बायकोकडे बघून मान डोलवायचा. लग्न झाल्यापासून त्याने तिच्या जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. आता ठेवून कसं चाललं असतं?

बाळं तीन महिन्यांची झाली तेव्हा नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आली. सासूने दोन दिवस तयारी केली. सुनेने त्या दिवशी मूठभर मीठ टाकलं.

नणंदेच्या सासूने एक घास घेतला, पाण्याचा पेला संपवला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे मीठ स्वस्त मिळतं का हो, विहीणबाई?"

सगळे हसले. नणंद रडवेली झाली. त्या संध्याकाळी नवऱ्याने सरळ सांगून टाकलं, "आई, आता हिला करू दे. तू बस."

"मी बसले की घर झोपलं," सासू म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. "एक महिना थांब. मग बघू."

त्या महिन्यात सासऱ्याचे पाय सुजले. बूट चढेनात. दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहायचा. डॉक्टरने रक्तदाब बघितला, पायावर बोट दाबलं, तिथे पडलेला खड्डा भरून यायची वाट बघितली आणि म्हणाला, "मीठ बंद. अगदी चिमूटभर. नाहीतर हृदय दमेल." सून बरोबर गेली होती. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

घरी आल्यावर सासूने मीठ अर्ध्यावर आणलं. सुनेनेही हात आखडला. दोन आठवडे रश्शाला नुसती आंबट-गोड चव होती. सासऱ्याची सूज उतरली. तो पुन्हा बूट घालून तरण्या माणसासारखा ताठ चालायला लागला. आणि सासूचा चेहरा उजळला.

"बघ," ती मुलाला म्हणाली. "आला की नाही माझा हात परत? मधे थोडी नजर लागली होती एवढंच. घरातच लागते नजर, बाहेरच्यांना कशाला दोष द्या." आणि तिने सुनेकडे बघितलं.

त्याच आठवड्यात सुनेने नवऱ्याच्या मदतीने ओव्हन रिकामा केला. तवे, झाकणं बाहेर काढली, जाळी घासली, आणि स्वस्तातला मैदा, थोडं यीस्ट, चिमूटभर साखर घेऊन एक पाव भाजला. सहा वर्षांनी भाजलेला पहिला पाव. वास जिन्यापर्यंत गेला. पाव थोडा घट्ट झाला होता. पण सासरा म्हणाला, "वा! आमच्या घरात बेकरी," आणि कडेचा तुकडा मोडून खाल्ला.

सासूने अख्खा पाव उचलला. हातात तोलून बघितला. मग खाली वाकून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला आणि टेबल हलवून बघितलं.

"बरं झालं गं, भट्टी," ती म्हणाली. "किती दिवस पुठ्ठा शोधत होते."

नवरा हसला. खूप हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासराही हसला, पण लगेच गप्प झाला. संध्याकाळी सासूने तवे आणि झाकणं परत ओव्हनमध्ये रचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटाट्याचा रस्सा होता. सासू तोंड धुवायला गेली. सून मिठाचा डबा घेऊन पातेल्यापाशी उभी राहिली. सासऱ्याचे सुजलेले पाय तिच्या डोळ्यांपुढे आले. टेबलाच्या पायाखालचा पाव आला. तिने दोन चमचे टाकले. त्यानंतर रोज टाकत राहिली.

नवऱ्याने पुन्हा तोंड वाकडं केलं. "झालं सुरू." तो दुकानचा पाव खाऊ लागला. सासूने पहिला घास घेतला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. "मी चिमूटभरच घातलं," ती पुटपुटली. "शपथेवर चिमूटभर."

"तू नको खाऊ," सासरा म्हणाला. "मी खातो. फुकट का घालवायचं?" आणि तिच्या ताटातलंही त्याने आपल्या ताटात ओढून घेतलं.

"बाबा, तुम्हाला डॉक्टरनी सांगितलंय," सून म्हणाली. तेवढं ती बोलली. त्याच्या पुढचं तिच्या तोंडातून आलं नाही.

"डॉक्टर काय माझ्या बायकोबरोबर संसार करतो का?"

आठव्या दिवशी सासऱ्याला आडवं झोपता येईना. श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. त्याला दवाखान्यात नेलं. नवरा औषधं आणायला धावला. बाहेरच्या बाकावर सासू आणि सून दोघीच उरल्या. सासूने आपला उजवा हात मांडीवर पालथा टाकला होता. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"खरं सांग," ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेला भट्टी म्हटलं नाही. "तुला खारट लागायचं का? मला वाटलं, माझ्या जिभेला भास होतो आणि हे लोक उगाच चिडवतात. तू सांग. तुला कळतं त्यातलं."

सुनेला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. म्हातारीने तिला मारलं असतं, घरातून काढलं असतं, पण स्वतःच्या हाताकडे अशी बघत राहिली नसती.

"हो, आई," सून म्हणाली. "खूप दिवस लागत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

सासूने मान हलवली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

"असू दे, आई. वय होतं माणसाचं."

घरी परत आल्यावर सासूने शेगडी पुसून ठेवली आणि ओव्हनमधले तवे स्वतः बाहेर काढले. त्या दिवसापासून तिने पातेल्याला हात लावला नाही. कोपऱ्यात बसून कांदे सोलायची, बटाटे चिरायची, आणि सून सांगेल तेवढंच करायची. स्वतःच्या ताटातल्या अन्नात ती मीठ घेत नसे. सून रोज पाव भाजायची. म्हातारी बिनमिठाच्या उकडलेल्या बटाट्याबरोबर त्याचे तुकडे मुकाट्याने खायची. नवऱ्याचं वजन वाढलं. बायकोचं तो येईल त्याच्याकडे कौतुक करायचा.

सासरा त्या वर्षी जुळी सहा महिन्यांची असताना गुरुवारी पहाटे दवाखान्यात वारला. सासू त्यानंतर दोन वर्षांनी हिवाळ्यात गेली.