मिठागरावरचा सामना

वीस-बावीस वर्षांत पुजियोनोने आपल्या संघाचा एकही गोल धड पाहिला नव्हता. मैदानाकडे पाठ करून, कुंपणाच्या खांबावर पाय रोवून तो उभा राहायचा आणि पांढरे शर्ट घातलेल्या हजारो माणसांकडून गाणी म्हणून घ्यायचा. हात वर गेला की ढोल दणाणायचे, खाली आला की सगळं चिडीचूप. गोल झाल्याचं त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळायचं. एरवी तो जावा बेटावरच्या मुआरा वेतानच्या बंदरात होड्या रंगवायचा, पण गावात कुणी त्याला रंगारी म्हणत नसे. तो 'बिंतांग लाऊत' या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचा म्होरक्या होता, बस्स.

हा क्लब हमालांनी काढलेला. डच साहेबांच्या मैदानावर देशी माणसाला फक्त बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला जाता येई. तेव्हा हमाल मिठागरात खेळू लागले. पाऊस सरला की, वाफ्यांत समुद्राचं पाणी घेण्याआधी, जे काही दिवस जमीन कोरडी असे तेवढ्यात. डोंगराकडच्या वातू इरेंगवाल्यांनी त्यांना 'खारट' म्हणून हिणवलं, तर यांनी तेच नाव मिरवायला घेतलं. तेव्हापासून इथले चाहते स्वतःला 'बोचाह उयाह' म्हणवतात, म्हणजे मिठाची पोरं.

आणि असा हा क्लब एके दिवशी विकला गेला. पुढे त्याची मालकी एका कंपनीकडे गेली होती, तिने परस्पर सौदा केला. नवं नाव, नवे रंग, आणि गाव तर दुसऱ्याच बेटावरचं. चार दिवसांनी कंपनीचा माणूस पुजियोनोला शोधत बंदरावर आला.

"मास पुजी, चला आमच्याबरोबर. स्टेडियम नवं कोरं आहे, पण तिकडच्या लोकांना गाता येत नाही. तुम्ही शिकवा. घर देतो, नोकरी देतो."

"कुठली गाणी शिकवू?"

"हीच तुमची. नाव तेवढं बदलायचं."

पुजियोनोने ब्रश डब्यात बुडवला. "आमच्या गाण्यांत हे बंदर आहे, साहेब. आमच्या आजोबांनी पाठीवर वाहिलेली पोती आहेत. तिकडच्या माणसांनी ती का म्हणून गायची? त्यांना त्यांची सुचतील की."

"घाई करू नका. विचार करा."

"केला. जरा मागे सरका, बुटांवर निळा रंग उडेल."

माणूस गेला आणि पुजियोनो होडीच्या आडोशाला मटकन खाली बसला. नोकरी नाकारल्याचं काही वाटत नव्हतं. आता रविवारी काय करायचं, हेच त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, न्गातमिनीच्या, कॉफीच्या टपरीवर सगळे जमले. कुणी रडत होतं, कुणी कंपनीचे फलक जाळू म्हणत होतं. कोपऱ्यात कास्मुरी बसला होता, सगळ्यांचा 'पाक', म्हणजे बाबा. ऐंशी पार केलेला हा म्हातारा एके काळचा क्लबचा गोलरक्षक. ज्या संघाने एकदा जावाचा चषक जिंकून आणला, त्यातला हा एकटाच उरलेला.

"संघ विकला, संघ विकला, काय लावलंय?" तो खेकसला. "मी इथं बसलोय की! मला कुणी विकत घेतलं? साधं विचारलंसुद्धा नाही."

"पाक, तुम्हाला फुकट दिलं तरी कोण नेणार?" न्गातमिनी म्हणाली, आणि रडणारेही हसले.

त्या हसण्यातच ठरलं. तळापासून, जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या गटातून, जुन्याच नावाने पुन्हा सुरुवात करायची. खेळाडू मिळाले. मासळी लिलावातले दोघे भाऊ, शाळेतला गणिताचा मास्तर, मोठ्या क्लबातून गुडघा दुखावून परत आलेला एक जण. अडलं ते मैदानाशी. कंपनी आणि नगरपालिकेच्या वादापायी गावातल्या स्टेडियमला कुलूप लागलं होतं.

तेव्हा तार्मिया पुढे आली, जिला सगळे 'बु', म्हणजे आई, म्हणत. गावचे मिठकरी तिच्या शब्दाबाहेर नसत. "आमचे वाफे घ्या. यंदा पाणी उशिरा घेऊ."

पुजियोनो चपापला. "बु, हंगाम बुडेल तुमचा."

"हंगाम माझा, कळ तुला कशाला? माझ्या सासऱ्याने तिथंच नडगी फोडून घेतली होती या क्लबापायी. तू गाण्याचं बघ."

बांध फोडले गेले. वाफ्यांचे तळ ज्या लाकडी रुळांनी दाबतात, तेच रूळ बाया-पुरुषांनी दिवसचे दिवस फिरवले. जिल्हा संघटनेचा माणूस आला, टाच आपटून पाहिली आणि मान डोलावत परवानगी देऊन गेला.

पहिलाच सामना पडला वातू इरेंगशी. दोन्ही गावांत आजवर दगड कितीदा भिरकावले गेले, याला गणती नव्हती. सामन्याच्या दुपारी त्यांचे ट्रक बंधाऱ्यावर येऊन थांबले तसे ढोल थंडावले. पुजियोनो एकटाच वर चढून गेला.

पुढच्या ट्रकमधून त्यांचा म्होरक्या सुगेंग उतरला. ताडमाड, काळी टोपी.

"काय रे खारट्या, संघ पळवला म्हणे तुमचा?"

"दुसरा काढलाय. दगड आणलेत की मोकळ्या हाताने आलात?"

सुगेंगने ट्रकची फळी खाली पाडली. आत बांबूचे बाक होते, एकावर एक रचलेले.

"आमच्या मैदानावरचे आहेत. तुमच्याकडं बसायला काही नाही असं कळलं. संध्याकाळी परत नेणार हां, तुमचं काही खरं नाही."

पुजियोनोने वरच्या बाकावरून हात फिरवला. "का रे, पण?" त्याने विचारलं.

"तुम्ही नसलात तर आम्ही शिव्या कुणाला घालायच्या? आजोबांपासूनच्या शिव्या आहेत, फुकट जातील. धर त्या टोकाला."

दोघांनी मिळून पहिला बाक उतरवला.

बिंतांग लाऊत तो सामना तीन-एकने हरला. मास्तर दोनदा चकला, थोरल्या भावाने पेनल्टी आभाळात मारली. पण प्रत्येक गोल खाल्ल्यावर गाणं अधिकच चढत गेलं. बंदरातल्या होड्यांवरची माणसं डोलकाठ्यांवर चढून पाहत होती, बाया डोक्यावरच्या टोपल्यांसकट गात होत्या. शेवटची शिट्टी वाजली तरी कुणी जागचं हललं नाही. हरलेले अकरा जण ओठ चावत समोर येऊन उभे राहिले, तेव्हा पाक कास्मुरी काठी टेकत मैदानात शिरला आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेला. मास्तर हमसून हमसून रडला. वातू इरेंगवाल्यांच्या बाकांवरूनही टाळ्या आल्या. त्यामागोमाग शिव्याही आल्या, आणि मिठाच्या पोरांनी त्यांना तितक्याच जोरात उत्तर दिलं.

बु तार्मियाने त्या वर्षी मीठ कमी काढलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या वर्षी संघ वरच्या गटात गेला, तिथल्या सामन्यांना पक्कं मैदान लागे, आणि नगरपालिकेला स्टेडियमचं कुलूप काढावं लागलं. गाव वाजतगाजत आत शिरलं. सगळ्यांत पुढे हमालांचे आणि मिठकऱ्यांचे नातू होते. पुजियोनो कुंपणाच्या खांबावर चढला, मैदानाकडे पाठ केली आणि त्याने हात वर केला.