लांब हातमोज्यांची फॅशन

मामांचा फोन आला तेव्हा ती रुग्णालयाच्या अंधाऱ्या खोलीत कुणाच्या तरी घोट्याचा एक्स-रे पाहत होती.

"डॉक्टरीणबाई, ते खोकं अजून आहे ना तुझ्याकडे? संध्याकाळी न्यायला येतो."

खोके होते. लहानपणी एका गायिकेवर तिने जीव ओवाळून टाकला होता, त्या काळातली कात्रणे त्यात होती. गायिका तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि तिच्याविषयी सर्वाधिक लिहिणारा माणूस म्हणजे खुद्द मामा. एका साप्ताहिकाचे मनोरंजनाचे पान ते सांभाळत. आता निवृत्तीनंतर त्यांच्या निवडक लेखांचे पुस्तक निघत होते. साप्ताहिकाचे जुने अंक केव्हाच रद्दीत गेले होते. संपूर्ण संच होता तो भाचीपाशीच.

घरी येऊन तिने खोके उघडले ते गंमत म्हणून. लहानपणी कात्रणे आवडीच्या क्रमाने रचलेली होती: सुंदर फोटो वर, उरलेले खाली. मामांच्या सोयीसाठी तिने ती तारखेप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मांडायला घेतली. जुने डावीकडे, नवे उजवीकडे. रोग्याच्या फिल्म ती रोज अशाच लावते.

मधोमध मामांचा गाजलेला लेख आला: 'राणीसाहेबांचे नखरे'. ऐन वेळी रद्द झालेला कार्यक्रम, कुणाशी न बोलणे, आणि नवा थाट म्हणून माईक एकाएकी डाव्या हातात. त्यानंतरच्या अंकात गायिका कोपरापर्यंतच्या हातमोज्यांत नाचत होती. 'लांब हातमोज्यांची फॅशन', असे मथळ्यात होते. ती फॅशन करण्यासाठी आपण बाबांच्या मोज्यांची टोके कापून बोलणी खाल्ली होती, हे आठवून तिला हसू आले.

ते फार टिकले नाही. उजवीकडच्या फोटोंत हातमोजे नव्हते, आणि उजवे मनगट सरळ नव्हते. काट्याचमच्यातल्या काट्याच्या पाठीला असतो तसा बाक त्याला होता. डावीकडच्या फोटोंत तो नव्हता.

वर्तमानपत्री छपाईच्या ठिपक्यांवरून निदान करणे हा गाढवपणा आहे, असे ती विद्यार्थ्यांना नक्कीच म्हणाली असती. म्हणून तिने आधी स्वतःलाच खोडून काढायचा प्रयत्न केला. फोटो उलटा छापला असेल? गालावरचा तीळ जागच्या जागी होता. सावली असेल? प्रकाश प्रत्येक फोटोत वेगळ्या बाजूने येत होता. छायाचित्रकार वेगवेगळे, कोन वेगवेगळे, बाक तोच. मनगटाजवळचे हाड मोडले होते, ते नीट बसवले गेले नव्हते आणि वाकडेच जुळले होते. खात्रीसाठी एक्स-रे हवा होता, पण तो त्या वेळी काढायला हवा होता.

संताप चढला तो पायऱ्यापायऱ्यांनी, आणि मामांनी बेल वाजवली तेव्हा तो शेवटच्या पायरीवर होता.

"वा, मांडून ठेवलंस की," मामा खुर्ची ओढत म्हणाले. "हा बघ माझा हुकमी एक्का. नखरे. पुस्तकाची सुरुवात यानेच करायची."

"मामा, तिचं मनगट मोडलं होतं."

मामांनी चष्मा पुसायला घेतला. "मुरगळलं होतं. स्टेजवरून पडली होती पोरगी. मॅनेजर म्हणाला, मुरगळलंय, फार बोभाटा करू नका."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अगं, मुरगळलेलं मनगट कोण वाचतं? नखरे वाचतात."

"आणि हातमोजे?"

"ते मॅनेजरचं डोकं. आत पट्टी होती. नाव मात्र मी दिलं." जुन्या सवयीने ते हसले आणि भाची हसत नाही म्हटल्यावर थांबले. "आता चिडून काय उपयोग? तूच तर सगळ्यांत जास्त टाळ्या पिटायचीस."

"मी बारा वर्षांची होते. तुम्ही चाळिशीचे होतात."

"बरं बाई, गाळतो तो लेख. झालं समाधान?"

"गाळायचा नाही. छापा. आणि खाली तुमच्याच सहीने लिहा की ती पडली होती, मला ठाऊक होतं, आणि तरी मी हे लिहिलं. लिहिणार असाल तर सगळं खोकं आत्ता घेऊन जा."

"स्वतःच्या पुस्तकात स्वतःच्या तोंडाला काळं फासू?"

"तिच्या तोंडाला फासलंत तेव्हा हात थरथरला नाही."

फोन काढून मामांनी बहिणीला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर, कात्रणांच्या मधोमध ठेवला. "ताई, तुझी लेक माझी उलटतपासणी घेतेय. कात्रणं देत नाही म्हणते."

"दे गं त्याला," आईचा वैतागलेला आवाज आला. "या वयात त्याच्याशी काय भांडतेस कागदाच्या कपट्यांवरून?"

"आई, हात मोडलेल्या मुलीची यांनी बदनामी केली. तसंच नाचवलं तिला, आणि हात जन्माचा वाकडा झाला."

"कोणाचा?"

तिने गायिकेचे नाव सांगितले. पलीकडे आई आठवू लागली.

"कोण गं ती?" अखेर आईने विचारले. "ती नखरेवाली का?"

मामांनी घाईघाईने फोन बंद केला. तिने 'राणीसाहेबांचे नखरे' उचलून त्यांच्यासमोर ठेवले, खिशातले पेन काढून त्यावर ठेवले आणि खोक्यावर हात ठेवून ती समोर बसली.

मामांनी पेनकडे पाहिले. मग कात्रणांसाठी आणलेली रिकामी पिशवी काखोटीला मारून ते उठले.

"चहासुद्धा विचारला नाहीस," दारात ते म्हणाले.

"नाही विचारला," ती म्हणाली.