एकशे एक रोडगे

शके सतराशे शहाऐंशीच्या मार्गशीर्षातला तो शेवटचा रविवार. त्याच दिवशी साहेबांचा नाताळ आला होता, म्हणून अमरावतीच्या बाजारातले कापूस तोलायचे काटे शनिवारपासून तीन दिवस बंद होते. एरवी विलायतेला कापसाची एवढी घाई, की आमच्या शिवारात कपाशीखेरीज काही उरले नव्हते. दर्यापूर-तेल्हाऱ्याच्या शेकडो गाड्या आमच्या मळ्यासमोरच्या माळावर अडकून पडल्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि गाडीवानांच्या शिदोरीत भाकरीचा तुकडा नाही. ज्वारी पेरली होतीच कोणी?

मला त्याचे सोयरसुतक नव्हते. माझी सून वच्छला नवव्या महिन्यात होती. आधीची दोन बाळे तिने गमावली होती. या खेपेला बाळ जगावे म्हणून मी खंडोबाला एकशे एक रोडग्यांचा नवस बोलले होते, बाळंतपणाआधी फेडायचा. दंडक कडक. कणकेचे ते सगळे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर स्वतः भाजायचे, सोवळ्याने, अनवाणी देवळात न्यायचे, आणि नैवेद्याआधी कोणाच्या तोंडी कणही जाऊ द्यायचा नाही. माझ्या घरात चाळीस वर्षांत असा दंडक मोडला नव्हता.

टोपले डोक्यावर घेऊन मी माळ ओलांडू लागले. वाटेत पार्बताबाई दिसली. तिचे घर पाद्र्याच्या धर्मात गेल्यापासून मी तिच्याशी बोलणे टाकले होते. ती आंबिलीचे मडके घेऊन गाडीगाडीपाशी वाकत होती. मला विचारल्यावाचून राहवले नाही.

"आज तुमचा सण ना वं? मग प्रार्थना सोडून इथं काहून?"

"सणच तं करून राहिली, मनकर्णाबाई. पन सरा तिकडं, सोवळं मोडंन तुमचं. मडकं सरलं अन् मानसं उरली."

जवळच दरसाल आमच्या मळ्यापाशी गाडी सोडणारा तेल्हाऱ्याचा म्हातारा गाडीवान शालिकराम जुवाला टेकून बसला होता. मला पाहताच त्याने मान फिरवली.

"शालिकराम, तोंड काहून लपवतोस?"

"शुक्रवारपासून पोटात काई नाई, माय. देवाच्या जिनसीले भुकेली नजर लागू नये. जा तुमी."

मी गेले. दहा पावले गेले. माझा नवस शाबूत राहावा म्हणून एक उपाशी माणूस मान फिरवून बसला होता. इतकी राखण त्या नवसाची मीही केली नव्हती.

मी परतले. "पार्बता, टोपलं धर."

"मी? अवो, सोवळं..."

"धर म्हटलं ना! इकडून तू वाढ, तिकडून मी."

खंडोबापुढे मी रिकामे टोपले ठेवले. क्षमेचे शब्द वाटेत जुळवले होते. पण हात जोडल्यावर काही मागावेसेच वाटेना. जन्मभर मी देवळात आले ती मागायलाच, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

घराची पायरी मात्र चढवेना. देवाला भिण्याची सवय होती; सुनेला भिण्याची ही पहिलीच वेळ.

"वच्छला, तुझ्या बाळाचा नवस मी माळावर वाटून आले."

तिचा हात पोटावर गेला. मग म्हणाली, "आत्याबाई, काटे उद्याबी बंद हायेत न?"

"हो."

"मंग गहू द्या. निवडून ठेवते."

मी गव्हाचे सूप तिच्यापुढे सरकवले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माळावरच्या गाडीवानांसाठी रोडगे भाजले. किती, ते मोजले नाही.