दोनदा पाहिलेले शून्य

मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहिलेत तर माझ्या बटणांवरची अक्षरे अजून शाबूत दिसतील. आकड्यांची ओळ तेवढी झिजली आहे, आणि तिच्यातले शून्य तर पार पुसले गेले आहे. मी एक जुना लॅपटॉप. माझ्या पोटात आता माहिती साठवणारी चकती नाही. बॅटरी फुगली म्हणून तीही काढून टाकली. पुस्तकांच्या फळीवर, दोन जाड शब्दकोशांच्या शेजारी मी बसून असतो. चकती नसताना याला एवढे आठवते कसे, असे तुम्ही विचाराल. बोटांनी जे रोज लिहिले जाते ते बटणांनाही थोडे पाठ होते, एवढेच मी सांगू शकतो.

एका कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे सतरा स्क्रू पिळले आणि मान वर न करता मला पुढे ढकलले. काही वर्षे एका कचेरीत पत्रे लिहिली. तिथे मी मंद वाटू लागलो, तेव्हा बाबा मला घरी घेऊन आले.

बाबा पाणीखात्यात नमुने तपासायचे काम करत. रोज सकाळी सायकलवरून बारा सार्वजनिक नळांवर जायचे, काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. पाणी पिवळे झाले की त्यात जंतू मारणारे क्लोरीन शिल्लक आहे. जितके पिवळे तितका मोठा आकडा. रंग आलाच नाही तर शून्य, म्हणजे त्या पाण्याला राखणदार नाही. नळावरची माणसे त्यांना थेंबेकाका म्हणत. "थेंबेकाका, पाणी पिणार आहात की नुसतं बघत बसणार?" असे कोणी विचारले की ते म्हणत, "मी बघतो म्हणून तुम्ही पिताय."

कचेरीत त्यांचे आकडे महिन्याच्या सरासरीत जात आणि वह्या रद्दीत. सरासरी नेहमी चांगलीच यायची. म्हणून बाबा घरी येऊन तेच आकडे माझ्यात पुन्हा लिहून ठेवत. तारीख, नळ, वेळ, आकडा. नळ कोरडा असेल तर रकाना रिकामा. "जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही," हा त्यांचा नियम. नऊ वर्षांत तीस हजारांवर ओळी झाल्या. त्यांची मुलगी जाता येता हसायची. "बाबा, तुमची कादंबरी कुठवर आली?"

"नायक अजून पिवळाच आहे," ते म्हणत.

एवढे बोलणे व्हायचे. त्यात काय लिहिले आहे हे तिने कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही.

मग एका सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर घरी आले. माझ्यासमोर बसलेही नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी एक ओळ लिहिली, फाइल साठवली, माझे झाकण अलगद मिटले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. ते पुन्हा उठले नाहीत.

सात महिने मी बंद होतो.

मित्रांनो, माझे झाकण पुन्हा उघडले ते हॅकेथॉनसाठी. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. शहराने आपली माहिती सगळ्यांसाठी खुली करायची, आणि लोकांनी दोन दिवस एकत्र बसून त्या माहितीतून उपयोगाचे काहीतरी बनवायचे. या वेळचा विषय पाणी होता. पाणीखात्याचे अधिकारी शेवटच्या दिवशी येणार होते, आणि कोणत्या भागातली गंजलेली जलवाहिनी आधी बदलायची हे ते त्याच आठवड्यात ठरवणार होते. खात्याने खुली केलेली माहिती म्हणजे महिन्याच्या सरासऱ्या. त्यांच्यात एकही नळ वाईट नव्हता. रोजचे आकडे जगात एकाच जागी उरले होते. माझ्यात.

मुलगी छापखान्यात मुद्रिते तपासते. लोकांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलेले, पण डेटाचे काम तिला नवे. तिने भिंतीवर कागद चिकटवला: सारणी शिकणे, छोटा प्रोग्राम लिहायला शिकणे, नकाशाचे सॉफ्टवेअर, चार्जर, वायर, मूळ फाइलची प्रत. हाताशी अकरा दिवस होते. मोजणी कार्यालयात नकाशे काढणारी तिची मैत्रीण संध्याकाळी यायची. मुलगी तिला नकाशेबाई म्हणायची.

"याच्यावर करणार आहेस?" नकाशेबाईने मला बोटाने टोचले. "हा तर धापा टाकतोय."

"बाबांचा आहे."

नकाशेबाईने खुर्ची पुढे ओढली.

मुलगी चिकाटीने शिकली. पहाटे उठून धडे पाहायची, वहीत उतरवून घ्यायची, चुकायची, पुन्हा करायची. तिची बोटे बाबांपेक्षा हलकी होती. मला वाटले, माझे चांगले दिवस परत आले. चकतीतून टक टक आवाज येऊ लागला होता, तरी मी दम धरून होतो.

पाचव्या दिवशी तिने बाबांची फाइल प्रोग्रामला दिली आणि प्रोग्राम अडला. काही ओळींमध्ये वेळेच्या रकान्यात एका वेळेऐवजी दोन वेळा लिहिल्या होत्या. सात दहा, सात अठरा. हे त्याला वाचता येईना.

"किती ओळी आहेत अशा?" नकाशेबाईने विचारले.

"तीनशे बारा. सगळ्यांत आकडा शून्य आहे."

"मग तपासलंच नसेल. गेले असतील, काही अडचण आली असेल, टाकलं शून्य. तीस हजारांत तीनशे, म्हणजे शंभरात एक. काढून टाक. धड्यात सांगितलंय ना, बिघडलेल्या ओळी आधी काढा."

मित्रांनो, मला माहीत होते. त्या बिघडलेल्या ओळी नव्हत्या. त्या लिहिताना बाबांचे बोट कसे जड व्हायचे हे माझ्या बटणांना माहीत होते. मी पंखा फिरवला, तापलो, पडदा क्षणभर गोठवला. लॅपटॉपला याहून मोठ्याने ओरडता येत नाही.

"बघ, अडकला पुन्हा," मुलगी म्हणाली. मी सुटेपर्यंत ती थांबली. मग तिने ओळी काढल्या आणि फाइल त्याच नावाने साठवली.

भिंतीवरच्या कागदावर मूळ फाइलच्या प्रतीसमोर खूण नव्हती. कोरा पेन ड्राइव्ह खणात होता. डेटा स्वच्छ झाला की त्यात भरायचा असे तिने ठरवले होते.

पुसलेली ओळ लगेच मरत नाही. तिची जागा मोकळी म्हणून मांडली जाते, एवढेच. त्या जागेवर दुसरे काही येऊन बसले की मग ती संपते. पुढचे तीन दिवस मुलगी माझ्यात एकेक साधन भरत राहिली. नकाशाचे सॉफ्टवेअर, आलेख काढायचे सॉफ्टवेअर, शहराच्या रस्त्यांची भली मोठी फाइल. सगळी कामाची. आणि त्यांतले प्रत्येक बाबांच्या एखाद्या ओळीवर पाय देऊन उभे राहत होते. मी आतून पाहत होतो आणि बाहेर फक्त एक पट्टी सरकत होती. चाळीस टक्के, साठ टक्के, पूर्ण.

आठव्या दिवशी नकाशा तयार झाला. बारा नळ, बारा हिरवे ठिपके.

"सुंदर दिसतोय," नकाशेबाई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे तर खातं म्हणतंय तेच झालं."

मुलीने ठिपक्यांमागचे आकडे पुन्हा उघडले. मग तिने सगळ्यांत लहान आकडा कोणता ते शोधले. एकच शून्य सापडले. नऊ वर्षांत एक. शाळेमागच्या नळाचे. त्या ओळीत वेळ एकच होती, सात दहा, म्हणून ती प्रोग्रामच्या हातून सुटली होती. तारीख बाबा गेले त्या दिवसाची होती.

आई शेजारी भाजी निवडत बसली होती. मुलीने विचारले, "आई, त्या दिवशी बाबा लवकर आले होते ना?"

"चहा गरम असताना आले. मला बरंच वाटलं. म्हटलं, आज शून्य आलेलं दिसत नाही."

"म्हणजे?"

"अगं, शून्य आलं की त्यांना उशीर व्हायचा. एकदा बघून लिहायचेच नाहीत. आठ मिनिटं नळ सोडून ठेवायचा आणि परत पाणी घ्यायचं. दोन्ही वेळा रंग आला नाही, तरच शून्य. लोक रांगेत चिडायचे. शाळेमागच्या नळावर तर सारखंच व्हायचं. चहाचं आधण मी नळाच्या हिशेबानेच ठेवायचे." आईने मान वर केली. "त्या दिवशी आठ मिनिटं उभं राहवलं नसेल त्यांना. तुला काय झालं?"

मुलगी रडली नाही. ती फक्त म्हणाली, "लेखकाच्या मूळ प्रतीवर मी आजवर कधी पेन टेकवला नाही, आई."

मग तिने माझे बटण दाबून मला बंद केले, ओढणीत गुंडाळले आणि दुरुस्तीवाल्या ताईंकडे नेले. ताईंनी मला क्षणभर चालू केले आणि आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा कान लावला.

"पुसल्यानंतर काय काय टाकलंत यात?"

मुलीने यादी सांगितली. प्रत्येक नावाला ताईंचा चेहरा थोडा उतरत गेला.

"चकती शेवटच्या घटका मोजतेय. एकदा पूर्ण वाचून बघते. दुसऱ्यांदा ती वाचू देईल असं वाटत नाही. जे निघेल ते तुमचं."

"आणि लॅपटॉप?"

"लॅपटॉपचं काय घेऊन बसलात?"

मला त्याचे वाईट वाटले नाही. ताईंनी चकती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. दोन दिवस ती अडखळत फिरत राहिली. मुलगी दुकानातल्या स्टुलावर बसून होती. हातात छापखान्याची मुद्रिते होती, पण तिने पान उलटलेले मला दिसले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टक टक थांबली.

तीनशे बारांपैकी दोनशे एकाहत्तर ओळी निघाल्या. एक्केचाळीस गेल्या.

हॅकेथॉनला एकच दिवस उरला होता. नकाशेबाईने आपला लॅपटॉप आणला. दोघींनी ओळी पुन्हा जागेवर लावल्या, दोन वेळांसाठी दोन रकाने केले. या वेळी त्यांनी आधी तीन प्रती काढल्या. शाळेमागचा ठिपका लाल झाला.

"ती एक्केचाळीस शून्यंही भरून टाक," नकाशेबाई म्हणाली. "होती हे आपल्याला माहीत आहे. खोटं कुठे आहे त्यात?"

"कोणत्या तारखेची, कोणत्या नळाची?"

"अंदाजाने. मीच काढायला सांगितल्या होत्या गं. मला झोप लागत नाहीये."

"जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही," मुलगी म्हणाली. तिने नकाशाच्या खाली एक वाक्य घातले: एक्केचाळीस नोंदी आमच्या चुकीने नष्ट झाल्या आहेत.

"हे वाचून ते म्हणतील, यांचा डेटाच कच्चा आहे. सगळंच उडवून लावतील."

"म्हणू देत."

"आणि त्या शेवटच्या शून्याचं? ते तर एकदाच पाहिलेलं आहे."

मुलीने त्या ओळीतला दुसरा रकाना रिकामा ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पोचायचे होते. मुलगी सहालाच उठली. तिने कपाटातून बाबांची पेटी काढली, नळी स्वच्छ पुसली आणि सायकल घेऊन निघाली. मी तोवर फळीवर आलो होतो. आईने सातच्या सुमारास आधण ठेवले. चहा झाला. साडेसात झाले. नकाशेबाई पिशवी खांद्याला लावून दारात येरझाऱ्या घालत होती. "पहिल्याच दिवशी उशीर. आत घेणार नाहीत आपल्याला."

आईने चहावर झाकण ठेवले आणि खुर्चीत बसून राहिली.

पावणेआठला सायकल वाजली. मुलगी आत आली, पेटी टेबलावर ठेवली आणि नकाशेबाईच्या लॅपटॉपवर एक ओळ लिहिली. शाळेमागचा नळ. सात दहा. सात अठरा. माझ्या झिजलेल्या बटणाला तेव्हा काहीतरी जाणवले, हे खरे माना किंवा मानू नका.

आईने झाकण काढले. चहा गार झाला होता.

"शून्य?" तिने विचारले.

"शून्य," मुलगी म्हणाली. आणि तो गार चहा तिने उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

त्या दोघी निघून गेल्या. अधिकाऱ्यांनी तो लाल ठिपका मानला की नाही हे मला अजून कळलेले नाही. शाळा भरली असेल. त्या नळाला आजही पाणी आले असेल, आणि मुलांनी ओंजळ धरली असेल.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश शोभत नाही. मूळ प्रतीला हात लावू नका, ती आधी दुसरीकडे ठेवा, हे तुम्हाला कोणीही शिकवील. मला मागायचे आहे ते वेगळेच. तुमच्या घरात कोणीतरी रोज काहीतरी लिहीत असेल, मोजत असेल, जपून ठेवत असेल. त्याला हसा, हरकत नाही. पण एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा की हे काय आहे, असे का लिहिता. ते सांगतील. त्यांना सांगायचेच असते. चहा गरम आहे तोवर विचारून घ्या.